स्मरणशक्तीची परीक्षा

म्हातारपणी माणूस विसरभोळा होतो, असे आपण सहज म्हणतो. दादी चष्मा कपाळावर सरकवून घरभर शोधत फिरतात. नाना एका नातवाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतात. यात काळजी करण्यासारखे काही नसते. वय वाढले की आठवायला थोडा वेळ लागतो, पण आठवते. काही वृद्धांच्या बाबतीत मात्र वेगळेच घडते. जेवून दहा मिनिटे झालेली नसतात, तोच ते 'मला कोणी जेवायला विचारलेच नाही' म्हणून रागावतात. ज्या गल्लीत चाळीस वर्षे काढली, त्या गल्लीत त्यांना स्वतःचे घर सापडत नाही. हा म्हातारपणाचा स्वभाव नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याची माहिती प्रथम मांडली, म्हणून आजाराला त्यांचेच नाव मिळाले.

ताप मोजायला थर्मामीटर असतो. रक्तदाब मोजायलाही यंत्र असते. पण माणसाची आठवण कशी मोजायची? आज मेंदूची छायाचित्रे घेता येतात, हे खरे. परंतु तो माणूस रोजचे व्यवहार कसे करतो, हे छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी प्रश्नच विचारावे लागतात.

असे प्रश्न अमेरिकेतील तीन डॉक्टरांनी १९७५ साली तयार केले. ही छोटी चाचणी जगभर पसरली. तिला एकूण ३० गुण असतात. आज कोणते साल आहे? आपण कितव्या मजल्यावर आहोत? शंभरातून सात वजा करा, उरतील त्यांतून पुन्हा सात वजा करा. 'डोळे मिटा' असे कागदावर लिहिलेले आहे. ते वाचा आणि तसे करा. मनाने एक वाक्य लिहा. ही आकृती पाहून तशीच काढा. गुण फार कमी पडले, तर डॉक्टर पुढील तपासणी करतात.

चाचणी उपयोगी होती, पण ती शाळेत गेलेल्या माणसासाठी होती.

आता हरियाणातील बल्लभगडजवळच्या एखाद्या खेड्यातील सत्तर वर्षांची आजी डोळ्यांसमोर आणा. तिने कधी पाटी-पेन्सिल हातात धरलेली नाही. तिच्या घराला मजलाच नाही. पण घरात कोणत्या म्हशीने किती दूध दिले, कोणाचे किती पैसे येणे आहेत, कोणत्या सुनेचे माहेर कोठे, हे सगळे तिला तोंडपाठ आहे. हीच आजी वरच्या परीक्षेत नापास होईल. मग तिला आजार आहे, की ती केवळ शाळेत गेलेली नाही, हे त्या गुणांवरून कसे ओळखणार? हा प्रश्न लहान नाही. उत्तर चुकले, तर धडधाकट माणसाला रोगी ठरवले जाईल आणि खरा रोगी तसाच राहून जाईल.

१९९० नंतरच्या काही वर्षांत भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून याच बल्लभगड भागात काम केले. डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चाचणीचे हिंदी रूप तयार केले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी नुसते भाषांतर केले असते, तर काहीच साधले नसते. त्यांनी प्रत्येक प्रश्न उचलून पाहिला आणि स्वतःला विचारले, 'या प्रश्नातून मनाची नेमकी कोणती शक्ती तपासायची आहे? तीच शक्ती या गावात कशी तपासता येईल?'

साल विचारण्याऐवजी त्यांनी 'आता सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ?' असे विचारले. खेड्यातील पुष्कळ वृद्धांना सालाशी काही कर्तव्य नसते. पण दिवस कोठवर आला, हे शुद्धीवरच्या माणसाला कळतेच. मजल्याचा प्रश्न गेला आणि गावाची, जिल्ह्याची विचारपूस आली. लक्षात ठेवण्यासाठी तीन शब्द दिले ते असे: आम, कुर्सी, सिक्का. आंबा, खुर्ची आणि नाणे कोणाला ठाऊक नाही? शंभरातून सात वजा करण्याचे काम लक्ष एकाग्र होते की नाही हे पाहण्यासाठी होते. त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. (तुम्हीही म्हणून पाहा. वाटते तितके ते सोपे नाही.) 'डोळे मिटा' हे वाचायला न देता तपासणारा म्हणे, 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा,' आणि स्वतः डोळे मिटून घेई. वाक्य लिहायचे नव्हते. आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायचे होते.

मला या कामातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी परीक्षा सोपी केली नाही, ती योग्य केली.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. आजारी माणूस 'माझे सगळे ठीक आहे' असे म्हणू शकतो. म्हणून घरच्यांसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली. जेवण झाल्याचे ते विसरतात का? कपड्यांची बटणे नीट लावतात का? निरोप सांगायला पाठवले, तर बरोबर सांगतात का? गावात वाट चुकतात का? मोठे सण केव्हा असतात, हे त्यांच्या लक्षात असते का? असे हे प्रश्न. त्यांची उत्तरे द्यायला सून किंवा नातू पुरेसा असतो. डॉक्टर लागत नाही.

या साधनांनी ५५ वर्षांवरील ५१२६ लोकांची पाहणी करण्यात आली. त्यांतील सुमारे ७३ टक्के लोक निरक्षर होते. निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ६५ वर्षांवरील शंभर माणसांमागे साधारण एकालाच अल्झायमर होता. वय वाढेल तसे प्रमाण वाढत होते. परंतु साक्षर आणि निरक्षर यांच्यात फरक आढळला नाही, स्त्रिया आणि पुरुष यांच्यातही नाही. पुढे अमेरिकेतील मोनाँगहेला खोऱ्याशी तुलना केली, तेव्हा आणखी आश्चर्य वाटले. वयातील फरकाचा हिशेब करून पाहिले, तर बल्लभगडमध्ये वर्षाला हजारी ४.७ लोकांना हा आजार नव्याने होत होता, तर त्या खोऱ्यात १७.५ लोकांना. हे का? आजाराचा धोका वाढवणारे एक जनुक बल्लभगडच्या लोकांत कमी आढळले. रोगी फार दिवस जगत नसावेत, हेही कारण असू शकेल. एकच एक उत्तर अजून मिळालेले नाही.

आणखी एक गोष्ट संशोधकांना सतत ध्यानात ठेवावी लागते. प्रत्येक हरवलेला वृद्ध स्मृतिभ्रंशाचा रोगी नसतो. जोडीदार गेला, मुले दूर गावी राहायला गेली, बोलायला कोणी उरले नाही, की काही वृद्धांना नैराश्य येते. ते जेवत नाहीत, झोपत नाहीत. काही विचारले तर 'मला ठाऊक नाही' एवढेच म्हणतात. परीक्षेत त्यांचेही गुण कमी पडतात. पण नैराश्यावर उपचार होतो आणि मग आठवणही पुष्कळदा सुधारते. कधी कधी तर नुसते ऐकू येत नसते! प्रश्नच कानावर पडला नाही, तर उत्तर कोठून येणार? ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले, तरीही विसर पडू लागतो, आणि त्यावरही औषध आहे. म्हणून आधी कान, डोळे, रक्त आणि मन तपासायचे असते. 'आता वय झाले' असे म्हणून दादाजानना कोपऱ्यात बसवून ठेवणे, ही घरोघर होणारी चूक आहे.

अलीकडे साऱ्या देशाची मोठी पाहणी झाली. तीतही हीच हिंदी चाचणी उपयोगी पडली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, भारतात ६० वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे ७.४ लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त दिसले. हा आकडा बल्लभगडच्या आकड्याशेजारी मांडून आजार इतका पट वाढला, असे म्हणणे मात्र बरोबर नाही. दोन्हीकडे वयाची मर्यादा आणि आजार ठरवण्याची रीत वेगवेगळी होती.

शेवटी हैदराबादची एक हकिगत सांगतो. ती तुम्हांला जवळची वाटेल. त्या शहरात एकच माणूस घरात उर्दू, बाजारात तेलुगू आणि प्रवासात हिंदी बोलतो. तेथील निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या मानाने दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. भाषा येत असल्या म्हणजे आजार होतच नाही, असे नाही. हे सगळे रुग्णच होते. एका भाषेतून दुसरीत जाताना मेंदूला जो सराव घडतो, त्याचा हा परिणाम असावा, असे संशोधकांना वाटते. पण मग हा शिक्षणाचाच परिणाम नसेल कशावरून? त्यांनी तेही पाहिले. कधीच शाळेत न गेलेल्या रुग्णांचा त्यांनी वेगळा हिशेब केला. एकच भाषा बोलणाऱ्या निरक्षरांपेक्षा अनेक भाषा बोलणाऱ्या निरक्षरांमध्ये लक्षणे सहा वर्षे उशिरा दिसू लागली होती.