शर्यतीची होडी : आधी भार, मग वेग

शीव या शब्दाचा अर्थच सीमा असा असून, मुंबई बेट संपून साष्टीची हद्द जेथे सुरू होई त्या कडेवर वसलेल्या शीव कोळीवाड्याला खाडीचे पाणी एकेकाळी जवळचे होते. भराव, रेल्वे आणि वाढती वस्ती यांनी ते दूर सारले, आणि आज तेथे नाव कोळीवाड्याचे असले तरी दारात पाणी नाही. भार कोठे ठेवला म्हणजे होडी नीट चालते, हे तांडेलाचे, म्हणजे होडीवरील प्रमुखाचे, जुने ज्ञान मात्र हातभर लांबीच्या दूरनियंत्रित शर्यती होडीलाही तितकेच लागू पडते. किंबहुना या होडीत वेगासाठी केलेली जुळणी आणि सुरक्षिततेसाठी केलेली जुळणी या दोन निराळ्या गोष्टी नाहीतच.

निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात रेडिओलहरींनी चालणारी छोटी होडी दाखवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळवले. नौकाप्रतिकृतींच्या खेळासाठी ‘नाविगा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ मध्ये उभी राहिली. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतील छात्र नौकाप्रतिकृती बनवण्याचा सराव करतात. मात्र तो शिस्तीचा आणि कारागिरीचा विषय असून शुद्ध वेगाची हौस त्याहून वेगळी आहे.

मासेमारीची होडी पाणी बाजूला सारत पुढे जाते, तर शर्यतीची होडी ठरावीक वेगानंतर वर उचलली जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागते, आणि त्या अवस्थेत तिच्या तळाचा जेमतेम मागचा भाग पाण्याला टेकलेला असतो. त्यामुळे गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर तोलली असता होडी समतोल राहील तो बिंदू, बोटभर सरकला तरी तिचे वागणे पालटते. खोल, निमुळत्या तळाच्या होडीत हा बिंदू मागच्या फळीपासून एकूण लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर धरून सुरुवात करतात. भार फार मागे गेला तर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, उचलली जाते, होडी उड्या मारू लागते आणि खाली शिरलेला वारा तिला पाठीवर उलथवतो. भार फार पुढे आला तर नाळ पाण्यात रुतून वेग मरतो आणि वळणावर होडी एकाएकी आत ओढली जाते. जुन्या गलबतांच्या तळाशी भरल्या जाणाऱ्या नीरमाचे, म्हणजे स्थैर्यासाठी घातलेल्या वजनाचे, काम येथे बॅटरी करते, म्हणून ती पुढे-मागे सरकवता येईल अशीच बसवावी. शिवाय पंखा एका दिशेने फिरत असताना होडीचे अंग उलट दिशेला कलंडू पाहते; हा कल मोडण्यासाठी बॅटरी किंचित एका बाजूला घेतात किंवा मागच्या फळीवरील धातूच्या पट्ट्यांचा कोन केसभर बदलतात. एका फेरीत एकच बदल करावा, हा नियम कंटाळवाणा असला तरी तो मोडणाऱ्याला कोणत्या बदलाने काय घडले हे कधीच कळत नाही.

मोटारीवर लिहिलेला ‘केव्ही’ हा आकडा किलोव्होल्टचा नसून, भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे होतील हे तो सांगतो. २००० केव्हीची मोटार चार घटांच्या, म्हणजे १४.८ व्होल्टच्या, लिथियम पॉलिमर बॅटरीवर मिनिटाला २९,६०० फेरे घेईल. पंख्याचा व्यास ४२ मिलिमीटर आणि एका फेऱ्यात कापावयाचे सैद्धांतिक अंतर त्याच्या १.४ पट धरल्यास ताशी सुमारे १०४ किलोमीटर हा वेग निघतो. प्रत्यक्षात पंखा पाण्यात घसरतो आणि भाराखाली फेरे उतरतात, म्हणून हा आकडा कागदावरच राहतो. पंखा थोडा मोठा लावून तो गाठण्याचा मोह महागात पडतो, कारण फेरे तेवढेच राहिले तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घातानुसार वाढते. ४२ ऐवजी ४५ मिलिमीटरचा तसाच पंखा लावल्यास मोटारीवरचा बोजा सुमारे ४१ टक्क्यांनी चढतो. म्हणून नव्या पंख्यावर पहिली फेरी अर्ध्या मिनिटाची ठेवावी आणि होडी काठावर घेऊन मोटार, वेगनियंत्रक व बॅटरी किती तापली हे पाहावे. वेगनियंत्रक थंड ठेवणारे पाणी बहुधा सुकाणूतील बारीक छिद्रातून येते, आणि मुंबईच्या पाण्यात ते छिद्र बुजवण्यास प्लास्टिकचा एक कपटाही पुरतो. होडीच्या बाजूने पाण्याची धार सतत बाहेर पडते आहे की नाही, याकडे म्हणूनच लक्ष असावे.

ताशी ६० किलोमीटरने निघालेली होडी शंभर मीटर पाणी सहा सेकंदांत ओलांडते, तेव्हा चहूबाजूंनी वस्ती असलेला, माणसांनी गजबजलेला तलाव अशा होडीसाठी योग्य नव्हे. प्रथम हातातील प्रक्षेपक सुरू करावा आणि मगच होडी. बंद करताना क्रम उलटा. संदेश तुटताच मोटार आपोआप थांबावी अशी ग्राहक-यंत्राची जुळणी पंखा काढून ठेवून काठावरच तपासावी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात फार लवकर शोषल्या जातात, म्हणून होडीतील अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर उभी असावी. आत फोम भरलेला असला म्हणजे उलटलेली होडी तरंगत राहते, पण तिच्यामागे पोहत जाऊ नये. मुंबईच्या पवई तलावात तर मगरी आहेत. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो होडीपलीकडे फेकावा आणि वारा धरून होडी हळूहळू ओढून घ्यावी. खाडीच्या खाऱ्या पाण्यात चालवलेली होडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, पंख्याचा दांडा काढून त्याला वंगण लावावे, आणि बॅटरी पूर्ण भरून न ठेवता प्रत्येक घटाला सुमारे ३.८ व्होल्ट ठेवून ज्वलनरोधक पिशवीत बंद करावी.