हळद, नीळ आणि आतड्यातले जिवाणू

पोटात मुरडा येतो, शौचातून आव आणि रक्त पडते, अशी तक्रार आपल्याकडे कुठल्याही घरात निघाली की कुणीतरी बेलफळ सुचवते, कुणी कुड्याच्या सालीची कुटजघनवटी, तर कुणी कोमट पाण्यातून हळद. या सल्ल्यांमागे पिढ्यांचा अनुभव आहे. जंतुसंसर्गाने झालेली साधी आव बहुधा काही दिवसांत आटोक्यात येते. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हे दुखणे मात्र निराळे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्याच्या अस्तरावर उलटते, जखमा होतात, आणि आजार वर्षानुवर्षे कमी-जास्त होत राहतो.

या दुखण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला आढळतो. आपण खाल्लेला चोथा आंबवून काही जिवाणू ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे तेच मुख्य अन्न. रुग्णांमध्ये नेमके हे उपकारक जिवाणू घटलेले दिसतात. त्यामुळे वनस्पतीचा गुण तपासायचा तर तिचा या जिवाणूंशी आणि अस्तराशी काय व्यवहार होतो, हे पाहावे लागते.

हळदीचेच घ्या. तिच्यातले कर्क्युमिन रक्तात फार थोडे शिरते. बहुतेक आतड्यातच राहते. तिथे ई. कोलाय हा जिवाणू एका विकराच्या साहाय्याने त्याचे रूप पालटतो. जपानी संशोधकांनी 2011 मध्ये तो विकर शोधून काढला. त्याआधी 2006 मध्ये जपानमध्येच, आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या 89 रुग्णांवर चाचणी झाली होती. नेहमीच्या औषधाबरोबर रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्या 43 जणांपैकी सहा महिन्यांत दोघांचाच आजार उलटला. नुसते औषध आणि बनावट गोळी घेणाऱ्या 39 जणांपैकी आठ जणांचा. दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम दिले, तेव्हा मात्र गुण आला नाही.

आता हिशेब करू. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. 2 ग्रॅम मिळवायला रोज 60 ग्रॅमांहून अधिक हळद खावी लागेल. मराठवाड्यातल्या वसमतची हळद कितीही चोख असली, तरी भाजीतली चिमूट आणि चाचणीतली मात्रा यांत एवढे अंतर आहे.

चिनी वैद्यकातला ‘छिंग दाय’ हा निळीच्या पानांपासून काढलेला पदार्थ तर अधिकच विचार करायला लावणारा. (कपड्यांना घालायची नीळ वेगळी, ती पोटात जाता कामा नये.) आतड्याच्या पेशींच्या आत एक कुलूप असते. आपले जिवाणू अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून जी इंडोल द्रव्ये बनवतात, त्यांनी ते उघडते आणि अस्तराची डागडुजी सुरू होते. निळीतली द्रव्ये त्याच कुळातली, म्हणून तीही किल्ली लागते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 86 रुग्णांच्या जपानी चाचणीत रोज 1 ग्रॅम घेणाऱ्यांपैकी 75 टक्क्यांना उतार पडला. बनावट औषधावर सुमारे 14 टक्क्यांना. पण ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. बाहेर स्वतःच्या मनाने छिंग दाय घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब धोकादायक वाढल्याचे आढळले होते.

आपल्याकडेही हे काम सुरू आहे. भारतीय संशोधकांच्या एका गटाने पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण लोकांची प्रकृती आणि त्यांचे जिवाणू ताडून पाहिले. 2018 च्या त्यांच्या निबंधानुसार मूळ जिवाणूसमूह बहुतेकांत सारखाच, पण वात, पित्त, कफ प्रकृतीनुसार काही जिवाणू वेगळे. एकाला लागू पडलेला काढा दुसऱ्याला का लागू पडत नाही, हे शोधण्याची वाट इथून जाऊ शकते. कुड्याच्या सालीचीही अशीच नेटकी चाचणी, ठरलेल्या मात्रेत आणि पुरेशा रुग्णांवर, व्हायला हवी. परंपरेचा मान राखण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

तोवर वाचकांना कळकळीची विनंती. शौचातून रक्त दोन-तीन आठवडे पडत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपायांवर दिवस काढू नका; पोटविकारतज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्या. सुरू असलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नका. आणि काढा, चूर्ण, हळदीच्या गोळ्या, जे काही घेत असाल, ते डॉक्टरांना न लपवता सांगा. हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वनस्पतीत औषध आहे म्हणूनच तिच्यात अपाय करण्याचीही ताकद आहे.