प्रथिनावरून जनुकाचा पत्ता

रत्नागिरीच्या आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात पोहोचली, की तिच्यावरचा मार्का पाहून ती कोणत्या बागायतदाराची हे सांगता येते. पेशीत सापडलेल्या प्रथिनाच्या तुकड्यावरून त्याचे मूळ जनुक शोधणे, हे काहीसे असेच काम आहे. या शास्त्रशाखेला प्रोटिओजीनोमिक्स म्हणतात.

याची गरज का पडते? मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यांचे प्रकार मात्र चारच. त्यांतला कोणता भाग प्रथिन घडवतो, हे ठरवताना संगणकाच्या अंदाजाचा मोठा आधार घ्यावा लागतो. अंदाज चुकू शकतो. प्रत्यक्ष सापडलेले प्रथिन हा त्याचा साक्षीदार होय.

प्रयोगशाळेत प्रथिने ट्रिप्सिन या विकराने तोडतात आणि तुकड्यांची वस्तुमाने मास स्पेक्ट्रोमीटरने मोजतात. पुढचे काम संगणकाचे. जनुकसंचात तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द होतात. अमिनो आम्ले मात्र २०. एकट्या ल्यूसिनसाठी सहा शब्द आहेत! म्हणून प्रथिनावरून मूळ अक्षरे उलट लिहिता येत नाहीत. त्याऐवजी संगणक संपूर्ण जनुकसंचाचेच प्रथिनांच्या भाषेत भाषांतर करतो. वाचन पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या अक्षरापासून सुरू करता येते. डीएनएचे धागे दोन. म्हणून भाषांतरे सहा. त्यांतील तुकड्यांची अपेक्षित वस्तुमाने काढून तो ती मोजलेल्या वस्तुमानांशी पडताळतो.

यात अडचणी आहेतच. एकच मार्का दोन बागांचा असावा, तसा एखादा तुकडा दोन ठिकाणी जुळतो. काही जुळण्या निव्वळ योगायोगाच्या असतात. त्यांचा अदमास घेण्यासाठी उलट्या क्रमाच्या खोट्या प्रथिनांची यादीही सोबत तपासतात. तिच्यात जितक्या जुळण्या आढळतील, साधारण तितक्याच खऱ्या यादीतही चुकीच्या असणार, असे मानतात.

२०१४ साली बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली मानवी प्रथिनांचा कच्चा नकाशा 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. ३० प्रकारच्या ऊती व पेशींतून १७,२९४ जनुकांची प्रथिने आढळल्याचे त्यांनी नोंदवले. प्रथिन घडवत नाहीत असे समजले गेलेले काही भागही प्रथिन घडवतात, असे त्यातून पुढे आले. त्यानंतर इतर संशोधकांनी हीच माहिती पुन्हा तपासली आणि काही जुळण्यांवर शंका घेतली. साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते, ती अशी!