लेसरनंतर नंबर पुन्हा चढू लागला तर

लेसर करून चष्मा गेला, काही वर्षं बरी गेली आणि मग रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपट्या फुटू लागल्या, तिरका नंबर सारखा बदलू लागला, तर नुसता नवा चष्मा करून गप्प बसू नये. कॉर्निया कमजोर होऊन पुढे फुगत असू शकतो. लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेनंतरचा हा फुगवटा थिओ सायलर यांनी १९९८ मध्ये नोंदवला आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या त्यांच्याच गटानं २००३ मध्ये केराटोकोनस या कॉर्निया आपोआप फुगण्याच्या आजारावर जो उपाय मांडला, तोच इथंही वापरतात: क्रॉसलिंकिंग. कॉर्नियाची वरची नाजूक साल काढायची, अर्धा तास ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालायचे आणि अर्धा तास अतिनील किरण द्यायचे. सांगली जिल्ह्यातल्या विट्यात सायझिंगला सूत खळ देऊन ताठ करतात, तसे आतले धागे ताठ होतात. फुगवटा बहुधा थांबतो, पण गेलेली नजर त्यामुळे परत येईलच असं नाही. हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

लेसर झालेल्या डोळ्यात अडचण जाडीची असते. कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉन जाड. मोठा नंबर घालवताना त्यातले ९० गेले की उरतात ४५०. साल काढली की आणखी ५० कमी. म्हणजे राहिले ४००, आणि नेहमीच्या पद्धतीची सुरक्षित मर्यादाही ४००च. त्याखाली किरण आतल्या पेशींच्या थरापर्यंत पोचतात, आणि त्या पेशी एकदा मेल्या की नव्या होत नाहीत. अशा पातळ डोळ्यांसाठी कॉर्निया तात्पुरता फुगवणारे थेंब वापरतात. चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी किरण देताना वर कॉन्टॅक्ट लेन्स ठेवण्याची पद्धतही दाखवली. शिवाय लॅसिकमध्ये कापलेली चकती डोळ्याचा ताण फारसा पेलत नाही. किरणांचा बराच जोर तिच्यातच खर्च होतो, म्हणून गुण थोडा कमी येतो. क्वचित त्या चकतीखाली सूजही येते.

खरा धोका पहिल्या आठवड्याचा. साल भरून येईपर्यंत डोळा उघडाच असतो. दुखणं, पाणी येणं पहिले दोन-तीन दिवस असतंच; पण ओसरलेलं दुखणं पुन्हा वाढलं, लाली चढली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर जंतुसंसर्ग धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नळाचं पाणी, मागावरचा तंतू, सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या भट्टीचा धूर, सगळं त्या दिवसांत वर्ज्य. नंतर महिन्या-दोन महिन्यांत येणारी धूसरता मात्र बहुतेकांची वर्षभरात विरळ होते.

काहींचा कॉर्निया मुळात लेसरआधीच कमजोर असतो. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली, तेव्हा २.३ टक्क्यांच्या कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त निघाली. केराटोकोनसचा नुसत्या वक्रतेवरून काढलेला हा आकडा थोडा चढा असेल, तरी लेसरआधी कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय कुणी टेबलावर झोपू नये, असं मला ठामपणे वाटतं. डोळे चोळायची सवय असेल तर आणखीच जपावं.

गलाईमुळे विट्याची माणसं देशभर पांगलेली. लेसर एका शहरात, क्रॉसलिंकिंग दुसरीकडे आणि विश्रांतीला गावी, असं सहज घडू शकतं. अशा वेळी लेसरआधीची फाईल सोबत हवीच. क्रॉसलिंकिंगनंतर स्टेरॉइडचे थेंब देतात, त्यांनी काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि पातळ कॉर्नियावर यंत्र तो दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. लेसर झाल्याचं नव्या डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही, तर वाढलेला दाबही कागदावर ठीकच दिसेल.