जंताची गोळी आणि पिल्लाची मस्ती

रविवारी सकाळी अडीच महिन्यांच्या लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला जंताचं औषध पाजलं जातं. दुपारी ते थोडं मलूल पडून राहतं, एकदा ओकतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला मात्र त्याच्या अंगात येतं. सोफ्याखालून स्वयंपाकघरात, तिथून बाल्कनीत, परत सोफ्यावर. कान मागे, पाय फरशीवर घसरताहेत, वाटेत सापडलेला आजीच्या साडीचा काठ दातांत. पाच-सात मिनिटांनी पंख्याखाली आडवं होतं आणि गाढ झोपतं. घरातली माणसं मात्र फोन हातात घेऊन बसतात : डॉक्टर, गोळी चढली का हो?

शहरातल्या पशुवैद्यांना हा प्रश्न रोजचा आहे. बहुतेक वेळा खरं उत्तर एवढंच असतं, की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. जंतनाशकाचं वेळापत्रक पाहिलं की हे लक्षात येतं. पहिला डोस पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की. मग दोन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी एकदा. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे पिल्लू नव्या घरात पाऊल टाकतं ते नेमकं डोसांच्या गर्दीत. दात शिवशिवण्याचं, चावण्याचं, धावण्याचं वयही तेच. त्या चार महिन्यांत केलेल्या कोणत्याही खोडीच्या मागे-पुढे कुठला ना कुठला डोस सापडतोच.

इतक्या कोवळ्या वयात औषध कशाला, असं अनेकांना वाटतं. त्याचं कारण टॉक्सोकारा कॅनिस हा गोल जंत. याच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंमध्ये आणि अवयवांत वर्षानुवर्षं दडी मारून बसतात. आईची विष्ठा तपासली तर काही सापडत नाही. गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. काही नंतर दुधातूनही जातात. स्वच्छ घरात, चांगल्या आईच्या पोटी जन्मलेलं पिल्लूसुद्धा जंत घेऊनच जगात येतं ते असं. तीन आठवड्यांचं होईतो त्याच्या आतड्यात पूर्ण वाढलेले जंत असू शकतात आणि एकेक मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते. अंकुशकृमीची तऱ्हा आणखी वाईट. तो आतड्याला डसून रक्त पितो आणि दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडतात.

औषधं कशी काम करतात हेही पाहण्याजोगं आहे. पायरॅन्टेल जंताचे स्नायू आकडवून त्याला लुळा करतं, पिपराझिन नेमकं उलट, म्हणजे ढिले पाडून. (म्हणूनच ही दोन एकत्र देत नाहीत. एकमेकांचा गुण मारतात.) फेनबेन्डाझोल जंताच्या पेशींचा सांगाडा मोडून त्याला उपाशी मारतं. प्राझिक्वान्टेल चपट्या कृमींवर चालतं. यांतलं पायरॅन्टेल पामोएट आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही, आणि तेच तर पिल्लांना सर्रास दिलं जातं. जे औषध मेंदूपर्यंत पोहोचतच नाही त्यानं डोकं फिरेल कसं?

मग गोळीनंतर काय होऊ शकतं? एखादी उलटी, एक-दोन पातळ शी, दिवसभर भूक कमी, थोडी सुस्ती. प्राझिक्वान्टेल कमालीचं कडू असतं. गोळी जिभेवर फुटली की तोंडाला फेस येतो, लाळेच्या तारा लोंबतात आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, पण दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरतं. शीत १० ते १५ सेंटीमीटर लांबीचे, फिकट, कधी वळवळणारे जंत पडले तर ती औषध लागू पडल्याची खूण. पोट जंतांनी खच्चून भरलेलं असेल तर मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो. असं क्वचित होतं, पण वारंवार उलट्या आणि टम्म फुगलेलं, दुखरं पोट दिसलं तर थांबायचं नाही.

या सगळ्या यादीत धुडगूस कुठेच नाही. तरीही 'गोळीनंतर ते जास्तच उड्या मारायला लागलं' असं सांगणारे खोटं बोलत नसतात. ढेरपोटं, राठ केसांचं, खाऊनही अंगी न लागणारं पिल्लू जंत पडून गेल्यावर आठ-दहा दिवसांत तरतरीत होतं. इतके दिवस जंतांच्या तोंडी जाणारं अन्न आता त्याच्या पायांत उतरतं. घरच्यांनी आजारी पिल्लालाच शांत पिल्लू समजलेलं असतं.

संध्याकाळच्या त्या धावाधावीला इंग्रजीत झूमीज असं लाडकं नाव आहे. आपल्याकडे वारं प्यायलेलं वासरू म्हणतात तोच हा प्रकार. आंघोळीनंतर, शी झाल्यावर, झोपेतून उठल्यावर, किंवा उलट अतिथकव्यानं पिल्लं अशी सुटतात. हा शेवटचा मुद्दा लोकांच्या पचनी पडत नाही. लहान पिल्लाला दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते. सतत कुणी ना कुणी उचलतंय, टीव्ही चालू आहे, शेजारची मुलं चेंडू टाकताहेत, अशा घरात ती मिळत नाही. मग चिडलेल्या तान्ह्या मुलासारखं पिल्लू चावतं, भुंकतं, भिंतीवर धडकतं. 'दमवा म्हणजे झोपेल' या सल्ल्यानं ते आणखी बिघडतं. अंधाऱ्या कोपऱ्यात अंथरूण आणि तासभर कुणी हात लावायचा नाही, हा उपाय स्वस्त आहे आणि बहुधा लागू पडतो.

खरोखरीचा अतिचंचलपणा कुत्र्यांत असतो का? असतो, पण विरळा. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात सॅम्युएल कॉर्सन यांना प्रयोगशाळेतली काही कुत्री अशी आढळली, की त्यांना कशानंच शांत उभं करता येईना. त्यांना अ‍ॅम्फेटामिन, म्हणजे एरवी उत्तेजित करणारं औषध, दिल्यावर ती निवळली. चंचल मुलांच्या बाबतीत डॉक्टरांनी पाहिलेलंच हे उलटं चित्र होतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००७ मध्ये मुलांसाठीची प्रश्नावली कुत्र्यांसाठी बेतून घेतली. २०२१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या गटानं ११ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून जमवली. त्यात तरुण नर अधिक चंचल निघाले, आणि जी कुत्री दिवसातला बराच वेळ घरी एकटी असतात तीही. दोघंही नोकरीला जाणाऱ्या, सकाळी आठला कुलूप लावणाऱ्या घरांनी जर्मन शेफर्ड घेताना हा निष्कर्ष जरूर वाचावा. दोष गोळीवर ढकलणं सोपं असतं, वेळापत्रक बदलणं अवघड.

पण औषधं सगळीच निरुपद्रवी नाहीत, आणि इथे बेफिकिरी महागात पडते. आयव्हरमेक्टिनचं उदाहरण घ्या. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेलं हे औषध. त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. गावोगावच्या औषध दुकानांत जनावरांसाठीचं एक टक्क्याचं इंजेक्शन मिळतं आणि खरजेवर, गोचिडांवर, जंतांवर ते कुत्र्यांनाही टोचलं जातं. या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. तीनशे किलोच्या गाईला ६ मिलिलिटर लागतं. त्याच प्रमाणानं चार किलोच्या पिल्लाला किती? ०.०८ मिलिलिटर, म्हणजे सिरिंजच्या टोकाशी जेमतेम दिसणारा थेंब. अंदाजानं 'अर्धा-एक सीसी' टोचणाऱ्याच्या हातून सहा ते बारा पट औषध जातं. शिवाय कोवळ्या पिल्लाच्या मेंदूभोवतीचं संरक्षक कुंपण अजून पक्कं झालेलं नसतं.

कोली जातीच्या कुत्र्यांना तर योग्य वाटणारी मात्राही जड जाते. त्यांच्यातल्या बऱ्याच कुत्र्यांच्या एमडीआर-१ या जनुकात बिघाड असतो. औषध मेंदूबाहेर फेकणारा पंपच त्यामुळे चालत नाही. हा बिघाड २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कॅटरिना मीली आणि सहकाऱ्यांनी शोधून काढला. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग यांच्यातही तो आढळतो. अशा विषबाधेत बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, चाल झिंगल्यासारखी होते, अंग थरथरतं, दिसेनासं होतं, पुढे बेशुद्धी. नेमका उतारा नाही. दिवस-दिवस सलाइन लावून पिल्लू सांभाळावं लागतं. शेळ्या-कोंबड्यांचं लेव्हॅमिसोल कुत्र्याला दिलं तर मात्र खरंच अस्वस्थता, थरथर आणि झटके येतात. मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम निकोटिनसारखा असतो. गोचिडांसाठीच्या आयसोऑक्साझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये थरथर आणि फिट्स यांचा इशारा दिला. त्यांतल्या काहींत जंताचं औषधही मिसळलेलं असतं. मुलांना शाळेत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेन्डाझोलची गोळी अर्धी करून पिल्लाला देण्याचा घरगुती उद्योगही बंद व्हायला हवा. कुत्र्यांत या औषधानं अस्थिमज्जा दबल्याची नोंद आहे.

मस्ती आणि झटका यांतला फरक ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. मस्तीतलं पिल्लू नावानं हाक मारली की क्षणभर तरी बघतं, वळण घेताना टेबलाचा पाय चुकवतं, खाऊ दाखवला की थांबतं. औषध चढलेलं पिल्लू हाक ओळखत नाही, वस्तूंवर आदळतं आणि झोपेतही थरथरत राहतं. दुसऱ्या प्रकारच्या पिल्लाचे व्हिडिओ लोक हसत-हसत फॅमिली ग्रुपवर टाकतात, हे दुर्दैव.

अचानक आलेल्या अस्वस्थतेची इतर कारणंही डोळ्यांआड होतात. दिवाळीत तर हमखास. मिठाईच्या डब्यातलं चॉकलेट पिल्लानं पळवलं तर थिओब्रोमिनमुळे ते काही तासांत येरझारा घालू लागतं, धापा टाकतं, ओकतं. फटाक्यांची भीतीही येरझारांतून आणि थरथरीतूनच दिसते. जुलाब होताहेत म्हणून जंताचं औषध दिलं आणि काही दिवसांनी जबडा चावल्यासारखा हलू लागला, तर ते डिस्टेंपर असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. रस्त्यावरून उचललेलं, लस न झालेलं पिल्लू एकाएकी बदललं, दिसेल ते चावू लागलं, घास गिळेना, तर गोळीची चर्चा करत बसू नये. ते रेबीज असू शकतं. चावलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उलट बाजूची चूकही लहान नाही. 'औषधानं ते वेडंपिसं होतं' म्हणून पुढचे डोस टाळणारी घरं बरीच आहेत. १९५० मध्ये अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बहुतेक डोळे कर्करोगाच्या संशयानं काढले होते. त्यांतल्या २४ डोळ्यांत जंताच्या अळ्या निघाल्या. दोनच वर्षांनी न्यू ऑर्लिन्समध्ये पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या यकृतात शिरलेल्या अळ्या कुत्र्या-मांजरांच्या टॉक्सोकाराच्या असल्याचं दाखवलं. अंडी मातीत पडल्यावर संसर्गजन्य व्हायला दोन आठवडे किंवा जास्त घेतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. सोसायटीच्या बागेतली ताजी शी लगेच उचलली तर धोका तिथेच संपतो. वाळूच्या खड्ड्यात किल्ले बांधणाऱ्या पोरांच्या नखांत ती माती जाते, हे कुत्रेवाल्यांच्या आणि कुत्र्यांना विरोध करणाऱ्यांच्या भांडणात कुणी बोलत नाही.

तेव्हा दिवाळीनंतर घरात पिल्लू येणार असेल तर एवढं करा. डोसाच्या दिवशी पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि फरक लिहून ठेवा. औषधाचं नाव, मात्रा, वेळ त्याच वहीत. काही विचित्र वाटलं तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. पुढच्या डोसाच्या तारखेवर कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा, कारण पहिल्या डोसानं आतड्यातलेच जंत मरतात. शरीरात अन्यत्र फिरणाऱ्या अळ्या वाचतात आणि दुसऱ्या डोसापर्यंत त्या आतड्यात उतरलेल्या असतात.