पाठीमागचा उजेड आणि समोरचा चेहरा

कोणत्याही घरातील छायाचित्रांचा संग्रह चाळला, तर एक प्रकार हमखास आढळतो. खिडकीजवळ आरामखुर्चीत बसलेले आजोबा, दुकानाच्या दर्शनी भागाकडे पाठ करून पेढीवर बसलेले काका, सूर्यास्ताच्या वेळी गच्चीवर उभे असलेले नवदांपत्य. खिडकीबाहेरचे झाड स्पष्ट, रस्त्यावरची वर्दळ स्पष्ट, आकाशाचे रंग मनोहर. आणि ज्यांच्यासाठी छायाचित्र काढले, त्यांचा चेहरा मात्र काळवंडलेला. कॅमेरा चांगला, किंमतही भरपूर मोजलेली, तरीही असे का व्हावे? वयोवृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. पुढील पिढी त्यांना ज्या चेहऱ्याने ओळखणार आहे, तो चेहराच अंधारात राहिला तर काळ दुसरी संधी देईलच, असे नाही.

कॅमेऱ्याचा हिशेब

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला माणूस, झाड, भिंत हा भेद मुळात ठाऊक नसतो. समोरच्या दृश्यातून किती प्रकाश येतो एवढेच तो मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या छटेइतकी यावी, अशा बेताने एक्स्पोजर ठरवतो. ही छटा म्हणजे पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परावर्तित करणारा करडा रंग, असे परंपरेने मानले जाते.

आपल्या व्यवहारातील उदाहरण घेऊ. वर्षाच्या विक्रीला बाराने भागले, तर दिवाळीचा महिना आणि आषाढाचा महिना कागदावर सारखेच दिसतात. सरासरी गणिताने बिनचूक असते, पण तिच्या भरवशावर कोणी दिवाळीचा माल भरत नाही. खिडकीच्या दृश्यातही तेच घडते. बाहेर लख्ख ऊन आणि खोलीत बेताचा उजेड असताना दोहोंतील अंतर अनेकदा सहा-सात ‘स्टॉप’चे असते. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट; म्हणजे सहा स्टॉपला ६४ पट आणि सात स्टॉपला १२८ पट. चौकटीचा मोठा भाग खिडकीने व्यापला, की सरासरी खिडकीच्या बाजूला झुकते, कॅमेरा प्रकाश कमी घेतो आणि चेहरा बुडतो.

आधुनिक कॅमेऱ्यांतील बहुविभागी मापन चौकटीचे अनेक भाग करून अधिक शहाणपणाने विचार करते. निकॉन त्यास ‘मॅट्रिक्स’, तर कॅनन ‘इव्हॅल्युएटिव्ह’ म्हणते. काही कॅमेरे चेहराही ओळखतात. तथापि या चित्रात महत्त्वाचे काय, हा निर्णय अखेरीस छायाचित्रकारानेच घ्यावयाचा असतो. तो एकदा घेतला, की पुढील उपाय सोपे आहेत.

चार उपाय

पहिला उपाय अधिक-उणे चिन्हाच्या बटणाचा, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा. पूर्ण ऑटो पद्धतीत बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय मिळत नाही. म्हणून ‘पी’ किंवा ‘ए’ (काही कॅमेऱ्यांत ‘एव्ही’) ही पद्धत निवडावी. उजळ पार्श्वभूमी चौकटीत थोडी असेल तर +१, आणि बहुतांश चौकट तिनेच व्यापली असेल तर +१.५ ते +२ पर्यंत जावे. काम संपताच आकडा पुन्हा शून्यावर आणण्यास विसरू नये, अन्यथा पुढील सर्व छायाचित्रे फटफटीत येतील.

दुसरा उपाय स्पॉट मीटरिंगचा. यात कॅमेरा चौकटीतील अगदी लहानसा भागच मोजतो. तो भाग चेहऱ्यावर ठेवून एक्स्पोजर लॉक करावे आणि मग चौकट हवी तशी जुळवावी. गव्हाळ वर्णाचा चेहरा मध्यम छटेच्या जवळपास असल्याने माप बहुधा योग्य येते. वर्ण गोरा असेल तर सुमारे एक स्टॉप वाढवावा. माप पांढऱ्या फेट्यावरून घेतले तर चेहरा काळा पडेल आणि काळ्या टोपीवरून घेतले तर पांढरा फटक होईल, हे ध्यानात असावे. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावले, की हेच काम होते. बहुतेक फोनमध्ये नंतर बोट वर सरकवून उजेड वाढवता येतो.

तिसरा उपाय फ्लॅशचा. भर दिवसा फ्लॅश कशाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु चेहऱ्यावरची छाया भरून काढण्यास तो दिवसाच अधिक उपयोगी पडतो. मर्यादा अंतराची. कॅमेऱ्यातील लहान फ्लॅश आयएसओ १०० आणि एफ ५.६ असताना साधारण दोन मीटरपर्यंतच पुरतो आणि अंतर दुप्पट झाले की प्रकाश चतुर्थांश होतो. पाठीमागे काच असल्यास किंचित तिरके उभे राहावे, म्हणजे फ्लॅशची तिरीप काचेत उमटत नाही.

चौथा उपाय सर्वांत जुना आणि विनामूल्य. चेहऱ्यासमोर पांढरी चादर किंवा पांढरा पुठ्ठा धरला, की मागून येणारा उजेड परतून चेहऱ्यावर पडतो. पारंपरिक पेढीवरील शुभ्र गादी हेच काम सहजगत्या करते. आणि शक्य असेल तेव्हा माणसालाच खिडकीकडे अर्धवट वळवावे. बसणारी व्यक्ती वृद्ध असेल, तर तिला उठवण्यापेक्षा आपणच जागा बदलावी.

श्रवणबेळगोळची कसोटी

या विषयाचा उत्तम धडा श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर मिळतो. एकाच पाषाणातून घडवलेली ५७ फुटांची गोमटेश्वराची मूर्ती उत्तराभिमुख आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे मूर्तीच्या पाठीमागून. प्रांगणात उभे राहून वर पाहिले, की मुखामागे लख्ख आकाश आणि मुख मात्र छायेत. तेथे लहान फ्लॅश निरुपयोगी. दोन मीटरचा प्रकाश ५७ फुटांस कसा पुरणार? अशा वेळी मूर्तीच्या वक्षावर स्पॉट मीटरने माप घ्यावे आणि आकाश पांढरे झाले तरी चालेल, असे मनाशी ठरवावे. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र तेथे मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो. तेव्हा ऊन समोरच्या बाजूने येते. मूर्तीची दिशा आणि ऋतू ठाऊक असले, की निम्मे काम कॅमेरा हाती घेण्यापूर्वीच झालेले असते.

जमाखर्च तपासावा

छायाचित्र काढल्यावर पडद्यावरील चित्रावर विसंबू नये. उन्हात पडदा फसवतो. हिस्टोग्राम पाहावा. हा ० ते २५५ या छटांचा आलेख असतो, डावीकडे काळोख आणि उजवीकडे प्रकाश. आलेख उजव्या कडेला चिकटून उंच गेला असेल, तर तो भाग कोरा पांढरा झाला. त्यातील तपशील नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. छायेतील तपशील काही प्रमाणात वर काढता येतो, मात्र त्यासोबत दाणेदारपणाही येतो. म्हणून काय गमवायचे, ते आधी ठरवावे. खिडकीबाहेरची गल्ली कोरी झाली तर बिघडत नाही. मातोश्रींच्या पांढऱ्या पातळाच्या चुण्या नाहीशा होता कामा नयेत. दोन्ही हवे असेल, तर ‘रॉ’ स्वरूपात छायाचित्र घ्यावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे नंतर सुधारणेस पुष्कळ वाव राहतो. प्रसंग महत्त्वाचा असेल, तर ब्रॅकेटिंग करून कमी, मध्यम व अधिक अशी तीन छायाचित्रे घ्यावीत.

कधी काळवंडलेली आकृतीच हवी असते. संध्याकाळच्या आकाशावर उमटलेले शिखर किंवा हात धरून चाललेले आजोबा-नातू. तेव्हा सूर्याच्या बाजूच्या आकाशावर माप घ्यावे, नाहीतर –१ ते –२ करावे. मात्र ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे कदापि पाहू नये. डोळ्यांस कायमची इजा होऊ शकते.

हे सारे प्रसंगाच्या दिवशी शिकू नये. येत्या रविवारी सकाळी घरातील एखाद्यास खिडकीपाशी बसवावे आणि शून्य, +१ व +२ अशी तीन छायाचित्रे काढून शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. आपल्या कॅमेऱ्यास आणि आपल्या घराच्या उजेडास कोणता आकडा मानवतो, हे अर्ध्या तासात कळेल, आणि ज्येष्ठांचे छायाचित्र घेण्याची वेळ येईल तेव्हा त्यांना ताटकळत बसावे लागणार नाही.