स्वस्तातलं एअर पिस्तूल घ्यावं का?

मंगळवार पेठेत पोरगं नेमबाजीला लागलं की बापाचा पहिला प्रश्न, "स्वस्तातलं चालंल का?" कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलातच सोनं जिंकलंय, त्यामुळं हौस कमी नाही.

स्प्रिंगचं पिस्तूल खिशाला परवडतं. सिलिंडर नको, पंप नको, ४.५ मिमी बोअर आणि २० जूलच्या आत असेल तर लायसन्सही नको. घरी पकड बसवायला, नजर लावायला बरं.

पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन धावतो आणि हाताला झटका बसतो. १० मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिमी, शर्टाच्या बटणाएवढं! त्यात ट्रिगर दगडासारखा. स्पर्धेत किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर चालतो. इथं त्याच्या कितीतरी पट. बोट ओढायला शिकतं, हळूच दाबायला नाही. ही खोड मला लागली होती, सुटता सुटेना.

माझं ऐकाल तर आधी रेंजवरचं पिस्तूल वापरा. मग जुनं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं, हवेच्या सिलिंडरवर चालणारं, बघा, फक्त सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचूनच पैसे मोजा. सिलिंडरचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात.